मामांनी प्रयोगशाळा तपासली

माझं काम लोकांना फोन करून त्यांच्या शौचाबद्दल बोलण्याचं आहे. लग्नकार्यात कुणी "सध्या काय करतेस?" असं विचारलं की मी "संशोधन" एवढंच सांगते. समोरचा मान डोलावतो आणि दुसऱ्या कुणाकडे वळतो. ते दोघांच्याही सोयीचं असतं.

संशोधन मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं आहे. हा कॅन्सर लवकर सापडला तर बहुतेकदा बरा होतो. लवकर सापडायला काही दुखत-खुपत नसताना तपासणी करावी लागते, आणि काही दुखत-खुपत नसताना माणूस तपासणीला तयार होत नाही. आमच्या अभ्यासाचं सगळं घोडं इथे अडलेलं आहे. म्हणून आम्ही निम्म्या लोकांना घरी एक नळी पाठवतो आणि उरलेल्यांना दवाखान्यात यायचं निमंत्रण, आणि जास्त लोक कशाला बधतात ते पाहतो. नळीच्या झाकणाला काडी असते. ती शौचात चार ठिकाणी टोचायची, नळीत परत खुपसायची, झाकण घट्ट लावायचं आणि पाकीट टपालात टाकायचं. डोळ्यांना न दिसणारं रक्तसुद्धा यंत्राला त्यात सापडतं. ते ठरावीक पातळीच्या वर गेलं की मी फोन करते, आणि पुढे दुर्बिणीची तपासणी होते.

इतकं सोपं असूनही लोक चुकतात. काहींनी झाकण न लावता नळी पाठवली आहे आणि टपाल खात्याने आमच्याशी बोलणं टाकलं आहे. एका गृहस्थांनी नळी भेटवस्तूच्या कागदात गुंडाळून वर रिबीन बांधली होती. आमच्या तंत्रज्ञाने ती रिबीन अजून टेबलाच्या खणात जपून ठेवली आहे.

अभ्यासाचा एक नियम असा की एका घरातली माणसं एकाच गटात घालायची. नवऱ्याला नळी आणि बायकोला निमंत्रण गेलं तर घरात तुलना होते, गोंधळ होतो, असं मोठ्या डॉक्टरांचं मत. मोठे डॉक्टर म्हणजे आमच्या अभ्यासाचे प्रमुख. दोघांच्या हातात एकसारख्या दोन नळ्या दिल्यावर काय होईल, हा विचार त्यांनी केला नव्हता. खरं सांगायचं तर कुणीच केला नव्हता, कारण माझे मामा अभ्यासात यायचे होते हे कुणाला माहीत नव्हतं.

त्यांना आणलं मामीने. तिने एक दिवस फोन करून विचारलं, "तुमच्या त्या नळ्या आमच्या वयाला चालतात का गं?" मला आश्चर्य वाटलं. मामी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. उभ्या गावाची गुपितं ऐकून पोटात ठेवायची आणि स्वतः होऊन चकार शब्द काढायचा नाही, अशी तिची ख्याती होती. चौकशा करणं तिच्या स्वभावातच नव्हतं. मी त्यांची नावं यादीत घातली, कॉम्प्युटरने त्यांना नळीच्या गटात टाकलं. नातेवाइकांना प्रश्न आपण विचारायचे नाहीत, म्हणून ते माझ्याबरोबर काम करणाऱ्या सिस्टरने फोनवर विचारले. शौचातून रक्त जाताना दिसतं का, हा त्यातला मुख्य प्रश्न. 'हो' म्हटलं की नळीबिळी काही नाही, माणूस सरळ डॉक्टरांकडे. मामा म्हणाले, "छे!" मामी म्हणाली, "मला नाही."

मामा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. सगळा बाजार त्यांना टरकून असायचा. त्यांची पद्धत साधी होती. गिऱ्हाईक बनून दुकानात जायचं, खिशातली शिवलेली थैली काट्यावर ठेवायला सांगायची, मग इकडच्या-तिकडच्या गप्पा मारून तीच थैली पुन्हा ठेवायला सांगायची. दोन वेळा दोन वजनं आली की ओळखपत्र काढायचं आणि काट्याला सील ठोकायचं. निवृत्तीनंतर काटे संपले, पण सवय गेली नाही. घरातला थर्मामीटर, गॅसचा मीटर, मुलीने पाठवलेलं रक्तदाबाचं यंत्र, सगळ्यांना त्यांनी या ना त्या प्रकारे खोटं ठरवलं होतं. मामी म्हणायची, "देवाने आम्हाला दोन मुलं दिली, ती यांनी मोजून घेतली."

निकालांची यादी आली तेव्हा सिस्टर रजेवर होती, म्हणून फोन मलाच करावा लागला. यादीत मामांचा निकाल नॉर्मल होता. मामीच्या नळीत रक्त होतं.

"मामी," मी म्हणाले, आणि रोज म्हणते ते सगळं म्हटलं. रक्त आढळलंय, याचा अर्थ कॅन्सर आहे असं नाही, बहुतेकांना काही निघत नाही, पण दुर्बिणीने बघून घ्यायला हवं. परक्या माणसाला हे सांगताना आवाज छान स्थिर राहतो. त्या दिवशी राहिला नाही.

मग मामीने विचारलं, "आणि यांचं?"

"मामांचं नॉर्मल आहे."

"घरी ये," ती म्हणाली. "चहाला."

मी गेले तेव्हा मामा खुर्चीत ताठ बसले होते. चेहऱ्यावर असा आनंद, की आपल्या बायकोच्या नमुन्यात रक्त सापडलेल्या माणसाला तो शोभत नव्हता.

"ये, बस," ते म्हणाले. "तुमचा काटा खोटा आहे."

"कुठला काटा?"

"तुमची प्रयोगशाळा. दोन्ही नळ्या माझ्याच होत्या. एकाच वेळच्या, एकाच मालाच्या. एक नॉर्मल म्हणताय आणि एकात रक्त म्हणताय. माझ्या काळी असल्या दुकानाला मी दुपारच्या आत टाळं लावलं असतं."

मी मामीकडे पाहिलं. ती कपात चहा ओतत होती. "यांनी नळी मागितली, मी दिली," ती म्हणाली. "मला तसंही ते काडीचं जमत नव्हतं."

मी आजवर अनेक लोकांवर मनात चिडले आहे. मोठ्याने चिडण्याची ती पहिली वेळ. आपलेच दात, आपलेच ओठ, त्यामुळे शब्द जपून वापरायचं ठरवलं होतं, ते पहिल्या वाक्यातच बारगळलं. मी मामांना सांगितलं की हा किराणा नाही. रक्त सगळीकडे सारखं मिसळलेलं नसतं. गोणीत चार ठिकाणी हात घातला आणि खडा लागला नाही, म्हणून गोणीत खडा नाही असं होत नाही. पण एकदा लागला की तो आहे. दोन्ही नळ्या खऱ्या आहेत, मामा, आणि काळजी करायची ती दुसरीची. रक्त तुमचं आहे. तुम्हाला तपासणी करावी लागेल.

"माझा निकाल नॉर्मल आहे," मामा म्हणाले. "माझ्या नावाचा तोच आहे."

"तुम्ही कधी दुकानदाराला दोनातलं सोयीचं वजन निवडू दिलंत का?"

मामांनी कप उचलला. "चहा गार होतोय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दोघांना अभ्यासातून बाद करा, म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "एकाच नमुन्याच्या दोन नळ्या आणि निकाल वेगळे. मुद्दाम करायला गेलो असतो तर नैतिकता समितीने परवानगी दिली नसती." त्यांना मामा आवडल्यासारखे दिसत होते. मामांना पाठवा, अभ्यासाच्या बाहेर मी स्वतः बघतो, असंही ते म्हणाले. पण पाठवा म्हणणं सोपं होतं. मी मामांना रोज फोन केला. मामा रोज तब्येत छान असल्याचं सांगत आणि प्रयोगशाळेच्या यंत्राच्या तपासणीचा शेवटचा दाखला कधीचा आहे ते विचारत. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती उघडायला ते तयार नव्हते.

राहिली मामीच्या नावाची तपासणी. ती रद्द करायला मी फोन केला.

"राहू दे," मामी म्हणाली.

"मामी, तो नमुना तुझा नाही."

"नाव माझं आहे ना? मी येते."

"अगं, निरोगी माणसाला उगाच कशाला त्रास?"

"मी निरोगी आहे हे कशावरून? माझा नमुना तुम्ही तपासलाय कुठे?"

मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं. वयात बसतात, करायला हरकत नाही, एवढंच ते म्हणाले.

दुर्बिणीच्या तपासणीआधी आतडं धुऊन निघावं लागतं. आधीचे काही दिवस बिया-सालींचं काही खायचं नाही, हलकंफुलकं खायचं, आणि आदल्या दिवशी जुलाबाची पावडर मोठा जग भरून पाण्यात कालवून ग्लासामागून ग्लास प्यायची. चव खारट लिंबू-साबणासारखी. तयारी नीट होते की नाही ते बघायला मी दुपारीच मामांकडे गेले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पावडरीची दोन खोकी होती.

"दोन कशाला?" मी मामीला विचारलं.

"एखादं सांडलं तर?" ती म्हणाली.

तिने हलकं जेवण सुरू केल्यापासून घरात वेगळा स्वयंपाक झालाच नव्हता, हेही मला तेव्हाच कळलं. मामांच्या ताटात तेच येत होतं. सकाळी तर तिने नुसतं गाळलेलं सूप केलं होतं, आणि मामा ते कुरकुरत प्यायले होते. मला तेव्हा शंका यायला हवी होती. मला वाटलं, कंटाळा केला असेल.

मामी टेबलाशी बसली आणि तिने पहिला ग्लास एका दमात रिकामा केला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मामा वर्तमानपत्र वाचत होते, पण पान उलटत नव्हते.

"अगं, कशाला हे?" ते शेवटी म्हणाले.

"बोलावलंय म्हणून."

"त्यात तुझं रक्त नाही, माहितीये ना तुला?"

"मग कुणाचं आहे?" मामीने विचारलं आणि दुसरा ग्लास भरला.

मामीने दुसराही संपवला. पावडरीने आपलं काम सुरू केलं तशी ती उठून आत गेली. संडासाचं दार लागलं. मामा उठून दारापर्यंत गेले, तिथे उभे राहिले, परत आले, पुन्हा गेले. "बरी आहेस का?" त्यांनी दाराला विचारलं. आतून "हं" आलं. ते परत येऊन माझ्यासमोर बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना खुर्चीत पोक काढून बसलेलं पाहिलं नव्हतं.

"तिला चक्कर आली तर?"

"येऊ शकते. या वयात पाणी कमी होतं."

मामा औषधाच्या जगकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दोन्ही नळ्या नॉर्मल आल्या असत्या तर मी मानलं असतं."

"काय मानलं असतं?"

"की मला दिसतंय ते काही नाही."

मला आधी नीट कळलंच नाही. "मामा, काय दिसतंय तुम्हाला?"

"रक्त," मामा म्हणाले. "वाटलं, मूळव्याध असेल. मग वाटलं, नसेल. मग तुमच्या नळ्या आल्या. म्हटलं, एकच कशाला, दोन पाठवू. दोन्ही चांगल्या आल्या तर सुटलो. एक वाईट आली तर काटा खोटा." ते थोडं थांबले. "पकडलेला प्रत्येक दुकानदार मला हेच सांगायचा, साहेब, काटा बिघडलाय. मला इतका राग यायचा त्यांचा."

मी इतके दिवस त्यांच्यावर जळफळत होते. तो सगळा राग एका क्षणात गेला आणि त्याच्या जागी नुसती भीती राहिली. रोज परक्या लोकांना धीर देणारी मी, मला एक वाक्य सुचेना. मामांनीच मग दुसरा ग्लास ओढून घेतला, जगमधलं औषध त्यात ओतलं आणि ते प्यायले. ते दुकानदारांवर वापरत असत असा एक शब्द औषधाबद्दल वापरून त्यांनी ग्लास पुन्हा भरला.

मी लगेच मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. मामीच्या ऐवजी तिच्या वेळेला मामांना घेऊन या, ते म्हणाले. मामी बाहेर आली, मामांच्या हातातला ग्लास पाहिला आणि काहीही न विचारता दुसरं खोकं फोडलं. तिने प्यायलेले दोन ग्लास फुकट गेले. पण ते पोटात गेलेलेच होते, आणि घरात संडास एकच होता. त्या संध्याकाळी माझे मामा-मामी, लग्नाला चाळीसहून जास्त वर्षं झालेली माणसं, "आधी तू", "नाही, आधी तुम्ही" करत दारात उभी होती. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. शेवटी मी शेजारणीकडे जाऊन मामीसाठी तिचं न्हाणीघर मागून घेतलं. शेजारणीने कारण विचारलं. मी "संशोधन" म्हणाले.

तपासणीच्या दिवशी मामी आणि मी बाहेर बाकावर बसलो. मामीने मांडीवर मामांचा चष्मा आणि कवळी धरली होती. काही वेळाने दुर्बीणवाल्या डॉक्टर बाहेर आल्या. त्या नेहमी दारातूनच "सगळं ठीक" म्हणतात आणि आत वळतात. त्या दिवशी त्या चालत आमच्यापर्यंत आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. त्यांनी काही बोलायच्या आधीच मला कळलं होतं. डाव्या बाजूला गाठ होती. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला होता, पण तो कॅन्सर असणार हे त्यांनी लपवलं नाही.

नंतर मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत आम्ही चौघं. मामांना गुंगीतून बाहेर येऊन थोडा वेळ झाला होता आणि ते पुन्हा ताठ बसायचा प्रयत्न करत होते. पंखा फुल स्पीडवर होता तरी सगळ्यांना घाम आला होता.

"रक्त कधीपासून दिसत होतं?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"झाले असतील दोन-तीन आठवडे," मामा म्हणाले.

"थंडी पडायला लागली तेव्हापासून," मामी म्हणाली.

मामांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "तुला काय माहीत?"

"धुणं कोण धुतं?" मामीने विचारलं.

मोठे डॉक्टर मान खाली घालून लिहायला लागले. ते बराच वेळ लिहीत होते, आणि लिहिण्यासारखं तिथे तेवढं काही नव्हतं. मामी माझ्याकडे बघत नव्हती. मला नळ्यांबद्दल विचारणारा तिचा फोन, गाळलेलं सूप, ओट्यावरची दोन खोकी, सगळं माझ्या डोक्यात आपापल्या जागी जाऊन बसलं. आमच्या विभागात लोकांना तपासणीपर्यंत कसं आणावं यावर तीन पदव्या घेतलेली माणसं आहेत, आणि माझ्या या मामीने तोंडातली मिठाची गुळणी न सोडता एका निरीक्षकाला तपासणीच्या टेबलापर्यंत आणलं होतं. मला तिचा अभिमान वाटला आणि रागही आला. सगळा हिवाळा ती एकटीच घाबरत होती.

पुढचं भराभर झालं. स्कॅनमध्ये यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ निघाली. शस्त्रक्रिया करून आतड्याचा तेवढा भाग काढला आणि उरलेली टोकं जोडली. काढलेल्या भागाचा अहवाल आला तो मी स्वतः दोनदा वाचला आणि मग तंत्रज्ञाला मोठ्याने वाचायला लावला. गाठ आतड्याच्या भिंतीतच थांबलेली होती, आजूबाजूला कुठे गेली नव्हती. आता ठरावीक काळाने तपासत राहायचं.

हे सांगायला मी वॉर्डात गेले. मामांनी डोळे मिटूनच ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाले. मामी पलंगाशेजारी स्टुलावर बसली होती. तिनेही "बरं" म्हटलं. मला वाटलं, झालं यांचं बोलणं. मी निघणार तेवढ्यात मामांनी डोळे उघडले.

"सगळा हिवाळा तुला माहीत होतं," ते मामीला म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. "एका शब्दाने बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर काय केलं असतंत?"

"डॉक्टरकडे गेलो असतो."

मामीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "बोलले असते," ती म्हणाली, "तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही तुमचं धुणं स्वतः धुवायला लागला असतात."

मामांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं. छताकडे बघत त्यांनी बराच वेळ विचार केला, अगदी मनापासून, चूक होऊ नये म्हणून करतात तसा.

"धुतलं असतं," ते म्हणाले.

तेव्हा मामी रडली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, आणि चांगली मोठ्याने, शेजारच्या पलंगावरचा माणूस उठून बसला इतकी. मामांनी सलाईन लावलेला हात तिच्या हातावर ठेवला आणि नर्स रागावली तरी उचलला नाही.